फिरंगणीची ओटी

रंभाबाई, कंदील जरा इकडं सरकवा. विजेच्या कारखान्याच्या दारात राहायचं आणि दिवेलागणीला कंदील शोधत फिरायचं, असं हे आपलं बोईसर. मारुती कामावर गेलाय, म्हणून तुम्हाला शेजारून बोलावून घेतलं. त्याची बायको साखर आत पडलीय, तिचा डोळा लागलाय तोवर सांगते. मोठ्यानं बोलू नका.

सकाळी तुम्हाला माझं हसू आलं, ते मी पाहिलं. डोहाळजेवणात साखरची ओटी भरून झाली, बायका चहाला उठल्या, तरी मी पाटासमोरून हलले नाही. चार दाणे परत टाक म्हणून पदर पसरून बसले. म्हातारी तांदळासाठी अडून बसली, असं तुम्ही बाजूला बसलेलीच्या कानात म्हणालात. मला अजून चांगलं ऐकू येतं. रागावले नाही, पण आज सांगून टाकते, म्हणजे पुन्हा हसणार नाही.

आमच्या सिन्नरकडं रीत आहे. ओटी भरली की जिची भरली तिनं त्यातले चार दाणे उचलून भरणारीच्या पदरात परत टाकायचे. सगळंच ठेवून घ्यायचं नाही, कुणाला रिकामं पाठवायचं नाही. मीसुद्धा ही रीत उगाच आपली पाळत होते. ती का पाळायची, ते मला इथं, या खाडीच्या कडेला कळलं.

सहासष्ट साल असेल. इथं जवळच तारापूरला अणूचं वीजघर बांधायला घेतलं होतं. घाटावरचे गवंडी, बिगारी, सुतार सगळे इकडं लोटले, त्यात माझा धाकटा भाऊ बन्सीही बायकोला घेऊन आला. गवंडी होता तो, हात चांगला होता त्याचा. बायको रत्ना. तिला आई नव्हती. पहिलं मूल पोटातच गेलेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले, नववा लागला आणि बन्सीला सुटी मिळेना. म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं. हे मूल जिवंत हातात पडलं पाहिजे, एवढ्यासाठी मी आले होते.

मला ही जागा पहिल्या दिवसापासून आवडली नाही. पत्र्याच्या खोल्या, खारट पाणी, त्याचा चहा तोंडात धरवत नसे. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास केसांत जाऊन बसायचा. गावची माणसंही तोंड फिरवून चालायची. आता म्हणते, त्यांचं काय चुकलं? आम्ही परके येऊन त्यांच्या वाटांवर, विहिरींवर गर्दी केली होती. आम्हाला बघून त्यांना कशाला आनंद व्हावा?

एक नवसी नावाची बाई तेवढी आमच्या दारी यायची. आतल्या डोंगराकडची, वाळक्या फाट्यांची मोळी विकायला आणायची. तीही बोलायची कमी. मोळी टाकायची, पैसे घ्यायची आणि रत्नाच्या पोटाकडं एकदा बघून निघून जायची.

एके दिवशी दुपारी भाकरी झाल्यावर रत्ना म्हणाली, "वन्सं, मला एक डोहाळा लागलाय. हसू नका."

"माती खायचीय का?"

"न्हाई. खाडीकडं ते जुनं देऊळ हाय बघा, फिरंग्यांच्या वक्ताचं. आत एक बाई हाय दगडाची. फाटी वेचाया गेले तवा लांबून पाहिली. भरल्या कुशीची हाय, वन्सं. लेकरू घेऊन निजलीय. मला तिची ओटी भरायचीय."

मी म्हटलं, "आपल्या देवी संपल्या वाटतं? परक्यांच्या बाईला खण-नारळ नेऊन देतेस ते?"

पण नवव्या महिन्यातली पोटुशी बाई. डोहाळा अडवला तर पुढं मुलाचं काही झालं की सगळ्यांची बोटं माझ्याकडं वळणार. आणि खरं सांगू? तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पिशवीत तांदूळ, नारळ, खण आणि हळदकुंकवाची कोयरी घातली आणि आम्ही दोघी निघालो.

वाट ताडांमधून जात होती. ऊन कललेलं, तरी अंगाची काहिली होत होती. वाटेत एका वाडीत म्हातारा पाणी शिंपत होता. त्याला विचारलं, जुन्या देवळाकडं हीच वाट का? त्यानं आमच्याकडं पाहिलं, रत्नाकडं पाहिलं, हातातला डबा खाली ठेवला आणि झोपडीत जाऊन कवाड लावून घेतलं. मला संताप आला. म्हटलं, दोन शब्द बोलला असता तर जीभ झिजली असती का याची?

पुढं ताड संपले आणि ते दिसलं. छप्पर कधीच गेलेलं, चारी भिंती मात्र उभ्या. चुन्याचा गिलावा जागोजागी सुटून खालचा काळा दगड दिसत होता. दरवाज्यावर कमान, कमानीवर कोरलेला क्रूस, त्याचा एक हात तुटलेला. भिंतीतून पिंपळाची मुळं खाली उतरली होती. समुद्र जवळच होता, बाहेर त्याचा आवाज सारखा येत होता. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि तो आवाज बंद झाला.

मी पाऊल मागं घेतलं. आवाज आला. पुढं टाकलं, बंद. रत्ना पुढं गेली होती, तिला हे कळलंसुद्धा नाही.

आत गुडघ्याएवढं गवत, पण मधे एक पायवाट पडलेली, जशी रोजच्या जाण्यायेण्यानं पडते. कोण येत होतं तिथं? बाहेर तर माणसाचा माग नव्हता. खाली फरशीत मोठमोठ्या शिळा, त्यांवर अक्षरं. आता कळतं, त्या कबरी होत्या. तेव्हा आम्ही त्यांवरून चालत गेलो. अगदी टोकाला, अर्ध्या उरलेल्या घुमटाखाली, भिंतीला लागून कमरेएवढा उंच ओटा होता. त्यावर ती.

झोपलेली बाई. पायघोळ झगा, डोक्यावरून पदर घ्यावा तसं वस्त्र. डाव्या कुशीत घट्ट गुंडाळलेलं बाळ, फक्त त्याचं तोंड आणि एक मूठ बाहेर. कारागिरानं काय केलं होतं, रंभाबाई... बाळाच्या हनुवटीखालची वळीसुद्धा दगडात उतरवली होती. बाईचे डोळे मिटलेले नव्हते. उघडेही नव्हते. कुणी दारात आलं की झोपेतली बाळंतीण डोळे किलकिले करते ना, तसे.

आणि तिथं वास होता. नुकतीच फुंकर मारून विझवलेल्या मेणबत्तीचा.

"रत्ना, आटप लवकर," मी म्हटलं. माझाच आवाज मला दबलेला वाटला.

रत्नानं बाईच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. झग्याच्या चुणीवर खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळ ओंजळ तांदूळ घातले. मग बाळाच्या त्या उघड्या मुठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई, तुझ्यासारखी माझी कूस भरू दे."

मी म्हटलं, "आता ओटीतले चार दाणे परत उचलून घे. ती काही उठून देणार नाही."

"राहू द्या, वन्सं. देवीपुढचं कुठं परत घ्यायचं? तिचं तिलाच असू दे."

असं म्हणाली आणि मोकळ्या मनानं हसली. किती दिवसांनी हसली होती ती. मी पिशवी आवरली.

बाहेर आलो तर समुद्राचा आवाज अंगावर आल्यासारखा आला. समोर नवसी उभी. डोक्यावर मोळी, पण उंबऱ्यापासून चांगली लांब.

"कोनाची ओटी भरलीस, बाय?" तिनं विचारलं.

"आतल्या बाईची," रत्ना म्हणाली.

"ती बाई देवी नाय. फिरंग्याच्या किल्लेदाराची बायको हाय ती. बालंतपनात मेली, पोराला घेऊन मेली. आमी तिला फूलबी नाय देत." नवसीनं आमच्या रिकाम्या पिशवीकडं पाहिलं. "तिनं काय परत दिलं?"

"न्हाई. परत कसं देईल?"

"मंग ती यील. ती कोनाचं ठेवून नाय घेत. परत द्याला यील."

रत्नाला अजून हसूच येत होतं. "येऊ दे की! चार दाणे तर द्यायचे."

"दाने?" नवसीनं रत्नाच्या पोटाकडं पाहिलं. "तिच्यापाशी द्याला एकच हाय, बाय."

त्या दिवसानंतर नवसी आमच्या दारी मोळी घेऊन आली नाही. वाटेत दिसली तर वाट बदलायची.

मी घरी आल्यावर रत्नाची दृष्ट काढली. मीठ-मोहरी विस्तवात टाकली तर तडतडलीसुद्धा नाही. बन्सीला सांगितलं तर तो चिडला. म्हणाला, "आक्का, तिच्या डोक्यात नसतं काही भरवू नको." मी भरवत होते का? बाळाच्या मनगट्या ओवायला घेतल्या. काळे-पांढरे मणी एका हाताला कमी पडले, म्हणून माझ्या गळ्यातल्या पोतीतला पोवळ्याचा मणी काढून मधे घातला. वाटाण्याएवढा होता तो, एका बाजूनं टवका उडालेला. एकाच बाळाच्या मनगट्या केल्या. एकच बाळ होतं ना.

आमच्या ओळीतच रखमाबाई म्हणून सुईण होती, नांदेडकडची. तिनं रत्नाचं पोट कितीदा चाचपलं होतं. "एकच हाय, गोल हाय, डोकं खाली हाय. घोर नगा करू," असं ती दर वेळी सांगायची.

एका मध्यरात्री कळा सुरू झाल्या आणि कोंबडा आरवायच्या सुमाराला मूल झालं. मुलगा. गरम, लालबुंद, गळा काढून रडणारा. मला रडूच फुटलं, रंभाबाई. मी त्याला पुसलं, गुंडाळलं, मनगट्या बांधल्या. तेवढ्यात रखमाबाई म्हणाली, "थांबा... आजून हाय."

दुसरा आला तो रडला नाही. रखमाबाईनं उलटा धरला, पाठीत थापट्या मारल्या. नाही रडला. मेलेला म्हणावा तर छाती हलत होती. डोळे किलकिले करून आमच्याकडं बघत होता. रखमाबाईनं त्याला माझ्या हातात दिला आणि हात लुगड्याला पुसत पुसत मागं सरकली. तो गार होता. दुपारी सावलीतला दगड गार लागतो, तसा.

मग मी रत्नाचं लुगडं बदलायला घेतलं. पदराच्या टोकाला गाठ होती. मी बांधली नव्हती, तिनं बांधली नव्हती. सोडली तर आत चार तांदूळ. ओले, वाळू लागलेले. आणि त्या कोंडलेल्या खोलीत, तेलाच्या आणि रक्ताच्या वासावर चढून, विझवलेल्या मेणबत्तीचा वास आला.

मी ते दाणे चुलीत टाकले. कुणाला सांगितलं नाही.

बन्सीला दोन मुलगे झाले म्हणून सगळ्या ओळीत गूळ वाटला गेला. रत्ना मात्र एकालाच घ्यायची. मनगट्यावाल्याला. दुसऱ्याला मी काळा दोरा बांधला होता, त्याला तिच्याजवळ नेलं की ती भिंतीकडं तोंड करायची.

"अगं, दोन्ही तुझ्याच पोटातून आली," मी ओरडायचे.

"ते माझं न्हाई, वन्सं. ते ठेवाया दिलंय."

मी त्याला शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजत होते. तो गपगप प्यायचा. तो जसा बाळसं धरू लागला, तसा पहिला वाळत चालला. आईचं दूध पिऊन वाळत चालला. बारशाच्या आधीच एका दुपारी रत्नाच्या मांडीवर त्यानं मान टाकली. आम्ही त्याला ताडांच्या पलीकडं वाळूत पुरलं. मनगट्या काढायला रत्नानं हात लावू दिला नाही. तशाच राहिल्या त्याच्या हातात.

रत्ना रडली नाही. मला तेच खटकलं. बाळंतिणीनं घराबाहेर पडू नये, पण ही मूल गेल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुपार झाली की निघायची. विचारलं तर म्हणायची, "दूध दाटलंय, जाऊन येते." दूध दाटलं म्हणून कोण कुठं जातं? बन्सी कामाला सुटी घेऊन घरी राहिला आणि आम्ही तिच्या मागं गेलो. लहानग्याला कुणाकडं ठेवणार, म्हणून मी त्याला खांद्यावर घेतलं होतं.

ती तिथंच गेली. आम्ही उंबरा ओलांडला आणि पुन्हा तो समुद्र बंद झाला. टोकाला रत्ना ओट्याच्या काठावर बसली होती, पाठ आमच्याकडं. पदर पुढं ओढलेला. डावा खांदा उघडा. हळूहळू पुढंमागं झुलत होती आणि तोंडानं अंगाई... अगदी हळू.

"रत्ना," बन्सीनं हाक मारली.

तिनं मान वळवली. तोंडावर असं समाधान, की मी कधी पाहिलं नव्हतं. "हळू बोला. आत्ता डोळा लागलाय त्याचा."

मी पुढं होऊन पदर बाजूला केला. ती शिळा होती. तीच बाई, तिच्या कुशीत तेच दगडाचं बाळ. बाळाच्या ओठांवरून दूध ओघळून हनुवटीच्या वळीत साचलं होतं. आणि मूठ, जी मी उघडी पाहिली होती, जिच्यावरून रत्नानं बोट फिरवलं होतं, त्या मुठीवर आता मणी होते. दगडातच कोरलेले. बारीक, बारीक, आणि मधे एक मोठा वाटाण्याएवढा. मी वाकून पाहिलं. एका बाजूनं त्याचा टवका उडालेला होता.

बन्सीला मी नुसतं बोटानं दाखवलं. त्यानं पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. कंबरेला हातोडा होता. "मी ठेवतच न्हाई हिला," म्हणत त्यानं त्या फिरंगणीच्या पायावर घाव घातला.

टवका उडाला. आणि माझ्या खांद्यावरचा, जो जन्मल्यापासून एकदाही रडला नव्हता, तो किंचाळला.

बन्सीनं पुन्हा हातोडा उचलला. तेव्हा रत्ना शिळेवर पालथी पडली, दोन्ही हातांनी ते दगडाचं बाळ झाकून. "मारा! आपल्याच लेकराला मारा!" बन्सीच्या हातून हातोडा गळून पडला. तो तिथंच गवतात बसला आणि लहान मुलासारखा रडला. आम्ही रत्नाला ओढून घरी आणलं. येताना तिच्या पायांचे उंबऱ्यावर ओरखडे उठले.

ती पुढं फार जगली नाही. बन्सीनं तिला घरात कोंडून पाहिलं, औषधं केली, काही उपयोग झाला नाही. तिला लेकराजवळ पुरायचं का, असं कुणी विचारलं तेव्हा बन्सीनं सरळ लाकडं रचली. म्हणाला, हिला त्या दगडांजवळ ठेवणार नाही.

दुसरा मुलगा मी पदरात घालून सिन्नरला नेला. तोच हा मारुती.

का नेला, असं तुमच्या डोळ्यांत दिसतंय. मग काय करायचं होतं? वाळूत ठेवून यायचं? तो माझ्या अंगठ्याला मूठ घट्ट धरून होता, रंभाबाई. मला मूल नव्हतं. दिवसभर माझ्याकडं बघायचा आणि मी हसले की हसायचा. कुणाचाही असो, मी वाढवला. तापात त्याच्या उशाशी मी बसले. त्याचा बाप, आई, सगळं मीच. त्याचे हात वैशाखातसुद्धा गार असतात, डाव्या पायाच्या बोटांवर जन्मताना नव्हता असा एक जुना व्रण आहे. पण तुम्हाला कधी वावगं बोललाय तो? मला त्याला शिकवून-सवरून आमच्याकडंच ठेवायचं होतं. त्यानं कुठं अर्ज करावा, तर बोईसरला. इथं आलो त्या दिवशी स्टेशनावर उतरून त्यानं लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "आत्या, इथलं वारं ओळखीचं वाटतंय." मी तेव्हापासून नीट झोपलेले नाही.

आता कळलं, मी सकाळी का अडून बसले ते? कुणाचं काही कुणाकडं राहायला नको. दिलं-घेतलं जागच्या जागी मिटलं पाहिजे. साखरनं हसत हसत ओटीतले दाणे उचलले आणि माझ्या पदरात टाकले. मी गाठ मारली. दिवसभर बायकांच्या चहा-फराळात सोडून बघायला सवड मिळाली नाही. तुम्ही यायच्या थोडं आधी सोडली.

कंदिलाची वात जरा मोठी करा. हे बघा.

तांदूळ मी स्वतः निवडले होते. सिन्नरहून आणलेले, डब्यातले, कोरडे. हे ओले आहेत. बोटानं चोळून बघा... वाळू लागते ना? घ्या, वास घ्या. नको तर राहू द्या.

हळू. साखर जागी होईल.

तुम्हीच तिला दवाखान्यात घेऊन गेला होतात ना गेल्या आठवड्यात? डॉक्टरीणबाई एकच आहे म्हणाल्या, असं तुम्ही मला सांगितलंत. रखमाबाईही एकच म्हणाली होती.